दगड क्रमांक ८८ च्या नुकसानीबाबत खुलासा

प्रति,
मा. देखभाल अधिकारी,
ऐतिहासिक दफनभूमी कक्ष,
पुणे.

विषय : स्वयंसेवकांचा स्थगित केलेला प्रवेश, पहारेकऱ्यास दिलेली नोटीस व दगड क्र. ८८ बाबत.

संदर्भ : १) माझा तक्रार अर्ज, दि. ९ जानेवारी २००८.
२) आपला स्थगिती आदेश, दि. २१ जानेवारी २००८.

महोदय,

१. मी, श्रीमती श्यामला यज्ञेश्वर गानू, वय ६७, राहणार कोथरूड, सविनय सादर करते की, कॅम्पामागील जुन्या युरोपीय दफनभूमीत मी जुलै १९९५ पासून दर बुधवारी व शनिवारी काम करीत आले आहे. मी सदाशिव पेठेतील एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. संगणक आले, छपाईचे शिशाचे खिळे भंगारात गेले आणि मलाही मुदतीआधी घरी पाठवण्यात आले. शेवटचे काम म्हणून या दफनभूमीतील लेखांची यादी माझ्याकडे तपासायला आली होती. तीत इतक्या चुका होत्या की मूळ दगडच पाहावेत म्हणून मी बसने तेथे गेले. गवत खांद्याला लागत होते. यादी पुढे छापली गेलीच नाही. मी मात्र जात राहिले. साडेबारा वर्षांत विळा आणि काथ्याचा ब्रश एवढ्यावर मी २१४ दगड मोकळे केले व त्यांवरील मजकूर तीन वह्यांत उतरवला. पहारेकरी गेनबा मला दहा वाजता चहा देत. आमच्या दोघांशिवाय तेथे कोणी फिरकत नसे, आणि मला ते आवडत असे.

२. ऑक्टोबर २००७ मध्ये खराडीच्या एका संगणक कंपनीतील पंचवीस मुले-मुली रविवारी स्वच्छतेसाठी येऊ लागली. त्यांची प्रमुख कु. नम्रता वैजनाथ घुगे, मूळची गंगाखेडची. सर्वांच्या अंगात एकसारखे पिवळे शर्ट, हातात मोजे, सोबत गवत कापण्याचे यंत्र. पूर्वेकडील जो भाग मला चार वर्षे पुरला असता, तो त्यांनी तीन रविवारांत मोकळा केला. काम वाईट झाले असते तर मला बरे वाटले असते. मी मुद्दाम दगड न् दगड पाहिला. काम चांगले होते.

३. पुढच्या बुधवारी गेनबा मला म्हणाले, "बाई, पोरं लई कामाची हायेत." त्या दिवशी मी त्यांचा चहा घेतला नाही. नम्रता माझ्याशी अत्यंत आदराने वागत असे, याचाही मला राग येई. ती म्हणाली, "आजी, तुमच्या वह्या द्या ना. आम्ही सगळं टाइप करतो, तुम्ही फक्त चुका बघा." मी सांगितले की वह्या सापडत नाहीत. वह्या माझ्या खांद्यावरच्या पिशवीतच होत्या.

४. दि. ७ जानेवारीस वृत्तपत्रात त्यांचे छायाचित्र आले. मध्ये गेनबा. खाली लिहिले होते, 'शंभर वर्षांत प्रथमच कोणीतरी या कबरींची आठवण ठेवली.' मी ते वाक्य मुद्रितशोधकाच्या सवयीने तीनदा वाचले. शुद्धलेखन बिनचूक होते. दोन दिवसांनी मी आपणांस तक्रार अर्ज दिला की, स्वयंसेवकांनी दगड क्र. ८८ ॲसिडने धुतला व त्यावरील अक्षरे नष्ट केली.

५. ही तक्रार खोटी आहे. मे १९९७ मध्ये त्या संगमरवरावरचे काळे डाग निघेनात म्हणून मी स्वतः किराणा दुकानातून फरशी धुण्याचे ॲसिड आणून ओतले. दगड फसफसला आणि माझ्या डोळ्यांदेखत अक्षरे गेली. मजकूर आधी उतरवून घेतला नव्हता. वहीत मी 'मुळातच अवाचनीय' असे लिहिले. पाण्याची बादली गेनबांनी आणून दिली होती. ही गोष्ट फक्त त्यांना ठाऊक होती.

६. आपल्या पाहणीत दगडाचे नुकसान दिसून आले, म्हणून मुलांचा प्रवेश थांबला. ॲसिड आत कोणी नेले, या प्रश्नावर गेनबांनी "ध्यानात नाही" असे उत्तर दिले, म्हणून त्यांना दि. २९ फेब्रुवारीपासून कामावरून कमी करण्याची नोटीस निघाली.

७. दि. १० फेब्रुवारीस नम्रता माझ्या घरी आली. म्हणाली, "आजी, आम्ही सगळ्यांना विचारलं. कुणी कबूल करत नाही. पण आमच्यातलंच कुणीतरी चुकलं असणार. मी माफी मागते." मग तिने एक कागद काढला. इंटरनेटवरून तिने त्या घराण्याचे वंशज शोधले होते आणि त्यांनी त्या दगडाचे जुने छायाचित्र पाठवले होते. त्यावर प्रत्येक अक्षर स्पष्ट होते : एलिझा, तोफखान्यातील सार्जंटची कन्या, वय चार वर्षे, पटकीने मृत्यू, १८४७. माझ्या हातून पुसलेले नाव समोर पाहून प्रथम मला आनंद झाला, असे लिहिता आले असते तर बरे होते. प्रथम मनात आले ते हे, की हेही तिलाच मिळाले. टाइप केलेल्या मजकुरात तिने १८४१ लिहिले होते. मी लाल पेन्सिलीने ते दुरुस्त केले. ती म्हणाली, "बघा, म्हणूनच तुम्ही हव्यात." तरीही ॲसिडची गोष्ट मी लपवलीच.

८. शनिवारी मी गेनबांना विचारले, "तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "तुमचं तुम्ही सांगाल, आसं वाटलं व्हतं." त्यानंतर मला काम करता आले नाही.

९. सबब विनंती की, स्वयंसेवकांचा प्रवेश पूर्ववत करावा; गेनबांची नोटीस रद्द करावी; आणि दगड क्र. ८८ चे नुकसान माझ्या हातून झाले, अशी नोंद आपल्या दप्तरी घ्यावी. माझा प्रवेश बंद करणे योग्य वाटल्यास माझी हरकत नाही. तीनही वह्या सोबत देत आहे. त्या नम्रता घुगे यांच्याकडे द्याव्यात. माझा मत्सर गेला आहे, असे मात्र मी लिहून देऊ शकत नाही. त्या मुलांचे पिवळे शर्ट आठवले की अजून तोंड कडू होते.

१०. काल मी नम्रताला फोनवर सर्व सांगितले. ती म्हणाली, "आधी अर्ज द्या. बाकीचं नंतर बघू." म्हणून हा अर्ज टपालाने न पाठवता स्वतः घेऊन आले आहे. आपण आत बोलवाल तोवर बाहेरच्या बाकावर बसले आहे.

आपल्यासमोर जबाबास हजर,

श्यामला य. गानू

पुणे, सोमवार, दि. १८ फेब्रुवारी २००८