उतरवतानाचे चार आकडे

प्रिय मास्तरीणबाई,

सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. तुझ्या आईची तब्येत आधी सांगतो. डावी बाजू अजून लुळीच आहे. प्लॅस्टरमधला हात दुखत नाही म्हणते. जेवते, माझ्यावर डाफरतेसुद्धा.

तिला दिवसातून चार वेळा पलंगावरून खुर्चीत न्यायचं तर बाबांच्या मांड्या पक्क्या हव्यात, असं फर्मान तूच काढलंस. नऊ आठवड्यांत मांडी टेपने मोजून एक सेंटिमीटर भरली. व्यायामशाळेत शिकवणारी पोरं म्हणतात, काका, आता आमच्या पोटावर पाय देऊ नका.

खांद्यावर वजन घेऊन बैठका मारायच्या, उठताना एक आकडा मोजायचा, खाली येताना चार, हे तुझं गणित. वजन उतरवताना स्नायू ताणला जातो, तेव्हाच त्याला धरून ठेवायला शिकवायचं. पण दहा-दहा आकडे लावू नका, मग वजन कमी करावं लागतं आणि ताकद मागे राहते, हेही बजावलंस. उंटावरून शेळ्या हाकायला हिचं काय जातंय, असं मी मनात म्हणायचो. अगं, चाळीस वर्षं गोदामात पोती वाहिली. पोतं उचलायचं आणि टाकायचं. हळू ठेवत बसणारा हमाल मुकादमाच्या शिव्या खायचा. त्यामुळे माझे चार आकडे एका दमात संपायचे. तू फोनवर विचारायचीस आणि मी छातीठोकपणे हो म्हणायचो.

परवापासून डोळ्याला डोळा नाही. घरात नुसत्या येरझाऱ्या घालतोय. ती खुर्ची दिसली तरी तोंड फिरवतो.

आईचं मनगट मोडलं ते ती घसरल्यामुळे नाही. मी तिला नीट उचललं, पण खुर्चीत बसवताना मांड्यांनी दगा दिला आणि ती माझ्या हातून धाडकन सुटली. हात खुर्चीच्या दांडीवर आपटला. घसरले, असं तिनेच तुला सांगितलं, मला वाचवायला. मी शेजारी उभा राहून फोनमध्ये हो हो म्हणालो. कालपासून खरेखुरे चार मोजतोय, पण मांडीला जमायला आठवडे लागतील. तोवर शेजारचे सुतार येऊन हात देतात. आज ते यायच्या आधीच तिने, उचला म्हणून, उजवा हात माझ्या गळ्यात टाकला. मी तो काढून खाली ठेवला. मला तिच्या या भरवशाची भीती वाटते गं. तू ये.

तुझाच,
खोटारडा बाबा