दोरीचं दुसरं टोक

अण्णा, राजवाड्याजवळचं दुकान महिनाअखेर रिकामं करून द्यायचं आहे आणि तुमचा पडदा माझ्या फ्लॅटमध्ये मावत नाही. आज तो राऊ गावातल्या एका मुलीला देऊन टाकला. तुम्हाला न विचारता दिला, म्हणून लिहिते आहे.

पडदा तोच, तळं आणि बर्फाचा डोंगर. सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरने बिस्किटाच्या डब्यावरून उतरवलेला. मिलमधले बाबू, नवी जोडपी, मुंज झालेली मुलं, सगळे त्या डोंगरासमोर स्टुलावर बसून गेले. दुकानात उजेड कमी आणि कॅमेऱ्याच्या काचेवर तुमचा भरवसा त्याहून कमी. म्हणून कॅमेऱ्याला दोरी बांधलेली. तिचं दुसरं टोक समोरच्याच्या नाकापर्यंत नेऊन धरायचं काम माझं. दोरी ताणली की तुम्ही अंतर मोजता, फोकसचं चाक फिरवता, मी बाजूला होते. कॉलेजात असताना मी भल्या सकाळी राजवाड्याचा फोटो काढला, चौकात चिटपाखरू नसताना. मोठ्या कौतुकाने दाखवला, तर तुम्ही तो बोटाने परत सरकवलात. "छान आहे. पण दोरी कुणाच्या नाकाला लावलीस?"

आई गेली तेव्हा भिंतीवरचा फोटो तुम्हीच केलात. इतरांच्या फोटोत माणसामागचं सगळं ब्रशने राखाडी करून टाकायचात. आईच्या खांद्यामागचा डोंगर मात्र ठेवलात. ती कुठे गेली, असं मी विचारलं. तुमचे हात फोटो धुण्याच्या हायपोच्या ट्रेमध्ये होते. वर न बघता तुम्ही म्हणालात, "त्या डोंगराच्या मागे." पुन्हा हा विषय आपल्या घरात निघाला नाही. पुढे मी भूगोलात एम.ए. केलं आणि निवृत्त होईपर्यंत मुलींना शिकवलं की आल्प्सच्या पलीकडे इटली आहे. चुकीच्या उत्तराला मी कधी अर्धा मार्कही दिला नाही.

यंदा तुमचाच कॅमेरा घेऊन युरोपात फिरले. एका रोलवर बाराच फोटो, त्यामुळे दिवसभर चालायचं, बघायचं आणि बहुतेक वेळा काहीच न काढता पुढे जायचं. हे मला मानवतं. तिथे कॅमेऱ्याचं झाकण उघडलं की माणसं थबकतात, माफी मागतात, वळसा घालून जातात. आपल्या सराफ्यात उघडून बघावं, लगेच दोघे समोर येऊन उभे, "भिया, हमारा भी ले लो." प्रागच्या पुलावर मला तसं कुणी म्हणालं नाही, आणि मीही कुणाला बोलावलं नाही. म्हातारी बाई, एकटी, गळ्यात पेटीसारखा कॅमेरा. लोक सभ्यपणे लांब राहत होते.

स्वित्झर्लंडमध्ये एका तळ्याकाठी उतरले. डोंगर आपला नव्हता. डब्यावरचा डोंगर कुठे असतो? पण खांद्यामागे बसेल एवढा होता. स्टँड लावला. पिशवीत तुमची दोरी होती. ती बांधली, चालत गेले आणि स्टूल असतं तिथे, आईच्या नाकाच्या उंचीवर, टोक धरून उभी राहिले. बराच वेळ. मग परत येऊन तेवढ्या अंतरावर चाक फिरवलं आणि एकच फोटो काढला.

रोल धुतले ते राऊच्या याच मुलीने. इंदुरात हे काम मन लावून करणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. सगळे प्रिंट टेबलावर मांडून ती म्हणाली, "आंटीजी, युरोपला जाऊन आलात आणि एक पण माणूस नाही? सब खाली-खाली." मग एक प्रिंट वेगळा काढला, जरा जपून बोलली. "ही वाली फ्रेम वाया गेली. गवत शार्प आहे, डोंगर पूरा धुंधला. फोकस चुकलाय ना?"

मी हो म्हणाले.

आज दुकानात पडदा उलगडला. तिला विचारलं, याचं करणार काय? "फॅमिलीवाले येतात ना माझ्याकडे, त्यांना बसवीन याच्यासमोर." मी पडदा गुंडाळायला घेतला.

हे पत्र पडद्याच्या गुंडाळीत ठेवायचं ठरवलं होतं. लिहायला बसेपर्यंत गुंडाळी रिक्षातून निघूनही गेली. आता ते माझ्याकडेच राहील. एवढं सांगते की फोकस चुकला नव्हता, अण्णा. दोरीएवढाच होता.

दिलं ते असं: पडदा, त्याचा बांबू, दोन कप्प्या, स्टूल. दोरी दिली नाही.