डावा कोपरा

सोलापूर,
११ नोव्हेंबर २०२५

सौ. बसव्वा हिस,

सप्रेम नमस्कार. ‘सप्रेम’ हे पद्धत म्हणून लिहिलं आहे, त्यातून काही अर्थ काढू नकोस. तुझी प्रकृती बरी असेल असं धरून चालते. माझी बरी आहे, गुडघा सोडून.

पत्र कामाचं आहे. फोन तू उचलणार नाहीस आणि मी करणार नाही, म्हणून लिहिते.

आमच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळणारी मुलगी पोलीस भरतीत लागली आणि प्रशिक्षणाला नाशिकला गेली. आनंद आहे. पेढे वाटून झाले. पण जिल्ह्याची स्पर्धा महिन्यावर आली आणि कोपरा रिकामा. तिथे मी तिघींना उभं करून पाहिलं. चढाई करणारी अंगावर आली की पहिली डोळे मिटते. दुसरी झेप छान घेते, पण तोवर समोरची घरी पोचलेली असते. तिसरीबद्दल लिहीत नाही, तिची आई आमच्याच गल्लीत राहते.

अशात गेल्या आठवड्यात एक मुलगी मैदानावर येऊन उभी राहिली. उंची बेताची, खांदे रुंद, बोलणं कमी. ‘बाई, मी अपेक्षा. दुधनीची,’ म्हणाली. ती कोण हे तुला मी सांगायला नको. लहानपणापासून तुझ्या मंडळात खेळली, मग पुण्यात एका कंपनीच्या संघात गेली. त्या कंपनीने यंदा मुलींचा संघच बंद केला. नवरा होटगीला रेल्वेत लागला, म्हणून ती आता सोलापुरात आहे, एका दवाखान्यात नर्स म्हणून. आज कुठल्याच संघात तिचं नाव नाही. ज्याला हवी त्याने घ्यावी, कुणाच्या परवानगीची गरज नाही. मी नियमावली स्वतः वाचून खात्री केली आहे.

तिला कोपऱ्यात उभी केली आणि आमच्या चढाईच्या मुलींना एकेक करून सोडलं. एकेक करून सगळ्या तिथेच बसल्या. घोटा धरते आणि मग सोडत नाही. ओरडत नाही, मांडी थोपटत नाही. उठते, खाली पडलेलीला हात देऊन उठवते आणि पुन्हा आपल्या जागेवर. असला कोपरा मी आयुष्यात एकदाच पाहिला होता. ते असो.

मी त्याच संध्याकाळी जर्सी पुढे केली. तिने हात मागे घेतले.

‘आक्कांनी व्हय म्हटल्याशिवाय न्हाय घालणार, बाई.’

मी नियम समजावून सांगितला.

‘नियम हाय की,’ ती म्हणाली. ‘पण आक्काबी हायत.’

मी जर्सीची घडी घालून पिशवीत ठेवली. वर्गात असं कधी झालं नव्हतं.

म्हणून विचारते. आपल्या भागातली रीत तुला माहीत आहे. मुलगी मोकळी असली तरी पहिल्या मंडळाचा नारळ आल्याशिवाय दुसऱ्याच्या मैदानात उतरत नाही. तर नारळ पाठवणार का, हो की नाही, तेवढं कळव. आम्ही तिला गरज पडल्यास तुमच्याविरुद्धही खेळवू, हे लपवत नाही.

चार वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्याबद्दल मला काही लिहायचं नाही. तुमच्या मुलीची टाच रेषेबाहेर होती. पंचांनी आत दिली, चषक दुधनीला गेला. विषय संपला.

आपली,
प्रियदर्शनी
अध्यक्ष, नवज्योत महिला क्रीडा मंडळ

ता. क. संघांची नावं शनिवार, २९ तारखेपर्यंत द्यायची आहेत.


सोलापूर,
२० नोव्हेंबर २०२५

बसव्वा,

नमस्कार. तुझा शिवकुमार सोयाबीन घेऊन मार्केट यार्डात आला होता, तो घरी येऊन गेला. एरवी मैदानावर लांबूनच दिसायचा, जवळून पाहिला तर केवढा झाला आहे. कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी पोचली. तुझा निरोप त्याने दारातच उभं राहून सांगितला, कविता पाठ म्हणावी तसा: ‘आई म्हणली, बाईंनी टाच आत होती म्हणून सांगावं, मग पोरगी खुशाल घ्यावी.’ सांगून झाल्यावर लाजला बिचारा. मी त्याला बसवून जेवायला घातलं. त्याचा काय दोष.

उत्तर असं, की ते जमणार नाही. जन्मभर मी मुलींना भौतिकशास्त्र शिकवलं. जे डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं. कोपऱ्यासाठी टाच आत ढकलणार नाही. भाकऱ्या ठेवून घेतल्या आहेत, त्यांचा या प्रकरणाशी संबंध नाही. चटणीत लसूण थोडा जास्त पडला आहे. तुझ्या हातचा नेहमीच पडायचा.

इकडे नवीनच ताप. मोडनिंबच्या मंडळाचे बिभीषणराव अपेक्षाच्या दारात पांढरी गाडी घेऊन आले. शाल, नारळ, फेटा, सगळं बरोबर. कर्णधार करतो म्हणाले. गावच्या वेशीपासून मिरवणूक काढतो म्हणाले. तिने चहा दिला आणि सांगितलं, दुधनीच्या आक्कांना विचारा. ते म्हणाले, त्यांना आम्ही भीत नाही. तेव्हा तिची सासू चिमाबाई आतून म्हणाली, ‘मग जावा की दुधनीला. आमच्या दारात कशाला शूरपणा?’ बिभीषणराव फेटा तसाच घेऊन परतले. पण ते पुन्हा येतील. तारीख जवळ आली की माणसं जास्त गोड बोलतात.

तोवर अपेक्षा रोज सरावाला येते, जुना टी-शर्ट घालून. जर्सीकडे बघतसुद्धा नाही. आणि आता जे लिहिते आहे ते लिहायचं नव्हतं, पण दुसऱ्या कुणाला सांगून त्यातलं काही कळणार नाही.

परवा तिला पहिल्यांदा संस्कृतीच्या शेजारी उभी केली. संस्कृती ही आमची कोपऱ्याशेजारची मुलगी, मी जिथे खेळायची तिथली. दोघींनी हात धरले. चढाई आली, आत शिरली, पाय टाकला. अपेक्षा विजेसारखी खाली गेली आणि त्याच क्षणी संस्कृतीने तिला जीव खाऊन मागे ओढलं. दोघी धपकन मातीत बसल्या. एक इकडे तोंड करून, एक तिकडे. चढाई करणारी हात हलवत चालत घरी गेली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर दोघी एकमेकींवर पडल्या आणि भांडायला लागल्या.

‘दोनदा दाबलं की मी!’ अपेक्षा म्हणाली.

‘दोनदा दाबलंस म्हणून तर ओढलं!’ संस्कृती म्हणाली.

तुझ्या लक्षात आलं असेल. आपली खूण. हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना ठरवलेली. हातातल्या हातात एकदा दाबलं तर थांब, दोनदा दाबलं तर धर. ओरडून सांगितलं की समोरचीला कळतं म्हणून. तू दुधनीच्या मुलींना ती तशीच्या तशी शिकवलीस, हे मला तुमचे सामने बघून माहीत होतं. त्या अंतिम सामन्यानंतर मी आमच्या मंडळात ती उलटी करून टाकली. एकदा म्हणजे धर, दोनदा म्हणजे थांब. तुमच्या मुलींना आमचा डाव कळू नये एवढाच हेतू होता. निव्वळ डावपेच.

तर अशी ही तुझी मुलगी ‘धर’ म्हणते आणि माझी मुलगी ‘थांब’ समजते. दोघींच्या पाठीला माती, केसांत माती, आणि दोघी माझ्याकडे बघत होत्या की चूक कुणाची ते बाई सांगतील. मला हसू आलं. साधं नाही. बाकाला धरून बसावं लागलं. मुली घाबरल्या, त्यांनी मला असं कधी पाहिलं नव्हतं. एक पाणी घेऊन आली.

चिमाबाईही आता रोज मैदानावर येतात. सुनेचा खेळ बघायला येते म्हणतात, पण शेंगा खात सगळ्यांनाच सूचना देतात. पहिल्याच दिवशी त्या थेट माझ्या बाकावर, माझ्या डाव्या बाजूला येऊन बसल्या. तिथे कुणी बसत नाही. मुलींना माहीत आहे. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, ‘हितं कुणी बसतंय काय?’

मी म्हणाले, ‘बसायची.’

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. शेंगांचा पुडा उचलला आणि उजवीकडे येऊन बसल्या. बाई तोंडाळ आहे, पण शहाणी आहे.

पत्र लांबलं. टाचेबद्दल माझं म्हणणं वर लिहिलंच आहे.

प्रियदर्शनी


सोलापूर,
१५ डिसेंबर २०२५

प्रिय बसव्वा,

शिवकुमारने तुला फोनवर निकाल सांगितला असेल. पण तो गाडी लावायला गेला होता तेव्हा जे झालं ते त्याने पाहिलेलं नाही, आणि पाहिलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

तुला मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुलींना गोलात बसवलं. प्रश्न सोपा होता. एका मुलीने खूण बदलायची की सगळ्यांनी? हिशेबाने एकीने बदलायला हवी. अपेक्षा तयारही होती. ‘शिकते की, बाई,’ म्हणाली. पण तिचा हात गेली कित्येक वर्षं एकच भाषा बोलतो आहे. ती त्याला कुणी शिकवली आणि त्या शिकवणारीला कुठे सापडली, हे त्या गोलात मला एकटीलाच माहीत होतं. मी सांगितलं, उद्यापासून सगळ्यांनी जुनी खूण. एकदा थांब, दोनदा धर. मुलींनी तोंडं वाकडी केली. संस्कृती म्हणाली, ‘बाई, तुम्हीच तर उलटी केली होती.’ मी म्हणाले, मीच सुलटी करते आहे, उठा, दोन फेऱ्या मारा.

मी काही कबूल केलेलं नाही, हे लक्षात ठेव. खूण बदलली, टाच आहे तिथेच आहे.

अपेक्षाने हे तुला फोन करून सांगितलं, हे मला नंतर कळलं. माझ्यापासून लपवून केलं. चांगली मुलगी आहे.

२९ तारखेला सकाळी मी नावांचा कागद घेऊन बसले होते. डावा कोपरा सोडून सगळा भरलेला. तू नारळ पाठवणार नाहीस असं मी धरून चालले होते. तुझ्या जागी मीही पाठवला नसता. आपल्या हाताने घडवलेली मुलगी समोरच्या संघाला कोण देतं? आणि दारात शिवकुमार. हातात नारळ, आणि घोट्याला बांधायचे नवे पट्टे. या वेळी तो पाठ करून आलेला नव्हता. ‘आई म्हणली, पोरगी घ्या. टाचेचं मैदानावर बघू.’

बसव्वा, मी त्याला ‘बस’ म्हणायलाही विसरले. आत जाऊन उगाच गॅस पेटवला आणि बंद केला.

नारळ मैदानावर फोडला. शिवकुमारच्याच हातून, रीतीप्रमाणे. अपेक्षाने पट्टे बांधले, मग जर्सी घातली, मग माझ्या पाया पडली आणि मग दुधनीच्या दिशेला तोंड करून मातीला हात लावला. नेमकी दिशा चुकली, ती बार्शीकडे होती. चिमाबाईंनी खांद्याला धरून फिरवली.

आता कालचं. उपांत्य सामना, मोडनिंबशी. बिभीषणराव पांढऱ्या गाडीतून आले होते. बरोबरी, आणि शेवटची चढाई त्यांची. त्यांची ती लांब पायांची मुलगी तू पाहिली आहेस, दिवसभरात कुणाच्या हाती लागली नव्हती. ती आली ती सरळ डाव्या कोपऱ्यावर. मी बाकावरून त्या दोघींच्या हातांकडे बघत होते. बाकी कुणी बघत नव्हतं, कुणाला माहीतच नव्हतं तिथे काय बघायचं. अपेक्षाने एकदा दाबलं. थांब. त्या मुलीने पाय आत टाकला, काढला. पुन्हा एकदा दाबलं. थांब. मैदान ओरडत होतं, चिमाबाई ‘धर की गं, धर की!’ म्हणून माझा दंड पिळत होत्या, आणि ती पोरगी थांबलेली. वेळ संपत आली. मोडनिंबची मुलगी परतायला वळली, मागचा पाय अर्ध्या क्षणासाठी जमिनीवर राहिला.

मला दिसलं. बोटं दोनदा मिटली.

पुढचं काय लिहू? घोटा तिच्या हातात, संस्कृती वरून कमरेला, बाकीच्या पाचजणी त्यांच्यावर, आणि त्या ढिगाशेजारी पंचांची शिट्टी. मी बाकावर उभी राहिले. गुडघ्यासकट. चिमाबाईंनी मला मिठी मारली, शेंगांची टरफलं माझ्या साडीभर. बिभीषणरावांनी स्वतः येऊन अपेक्षाला तो फेटा बांधला, माणूस मनाचा मोठा निघाला. मुली मैदानात गोल फिरत होत्या आणि मी, मला वाटतं, शिट्टी वाजवली. तोंडात बोटं घालून, हॉस्टेलमध्ये तू शिकवली होतीस तशी. माजी मुख्याध्यापिका. उद्या पेपरात येईल.

तर येत्या रविवारी, २१ तारखेला, अंतिम सामना. आमच्या मैदानावर, तुमच्याशी. गेली चार वर्षं दुधनीचा संघ सोलापुरात आला की त्याच्याबरोबर शिवकुमार येतो. या वेळी तू यायचं आहेस.

रेषा मी स्वतः चुन्याने आखणार आहे. जाड. टाच आत की बाहेर हे आंधळ्यालाही दिसलं पाहिजे. सामन्याच्या वेळी तू तुमच्या बाकावर बस, तुमच्या मुलींना काय ओरडायचं ते ओरड. अपेक्षाच्या हातून सुटायचा तुझ्याकडे काही उपाय असेल, आमच्याकडे तर नाही. कुणीही जिंको, चषक या वेळी तुझ्या मुलीच्याच हातात जाणार आहे, हे तुझ्या लक्षात आलं का?

सामना संपला की माझ्या बाकाकडे ये. चिमाबाई उजवीकडे बसतात. डावी बाजू मोकळी आहे. मी उठून स्वागत वगैरे करणार नाही, गुडघा कालपासून सुजला आहे. फक्त डावा हात पुढे करेन. तू कोपऱ्यातली, तुझा उजवा.

मी दोनदा दाबेन.

तुझ्या शेजारची,
प्रिया