जात्याची जागा

देऊळघाट, मंगळवार, संध्याकाळ

नागपुरात महाल भागात राहायचं की धंतोलीत, हे यांनी चार पत्रांतून मलेच विचारलं. मी धंतोली सांगितली, अन् आमच्या रीतीनं जातं पुढं पाठवलं. जातं गेलं की मागून घरची बाई जाते.

आज दीर तेच जातं घेऊन परतले. मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, दादानं महालात एकट्यापुरती खोली घेतली हाये. दोन महिने झाले. जात्याले जागा नाही तिथं."

दोन महिने! शेवटचं पत्र तर पंधरा दिवसांपूर्वीचं. मग मले विचारलं काऊन?

सासूबाईंलेही ठाऊक होतं. जातं गेल्यापासून त्यांनी रोज घर सारवलं, पण जात्याएवढा गोल कोराच सोडला होता.