ओंगारमधलं जेनोआ

१५ मार्च २०२०, रविवार
ईस्टरची इटलीची क्रूझ पुढे ढकलली. कधी ते कळवू म्हणे. मेलच्या शेवटी स्माइली. संताप, संताप.
जेनोआला जहाज सकाळी लागतं, संध्याकाळी सुटतं. तेवढ्यात अख्खं शहर पायी दाखवायचं माझं प्लॅनिंग तयार होतं. फार्मा प्लांटमध्ये व्हॅलिडेशन करतो मी, म्हणजे मशीन ठरल्याप्रमाणे चालतं का ते तपासतो. मशीन असो नाहीतर शहर, आधी कागदावर प्रोटोकॉल, मग ड्राय रन, मग प्रत्यक्ष. मेनूथला राहणारा जयेशही याच क्रूझवर होता, पण तो बसची टूर घेणार होता. छातीवर स्टिकर लावून एका छत्रीवाल्या बाईच्या मागे! याला शहर बघणं म्हणतात?
शुभदा म्हणते, तिला तिथे कुठेतरी नुसतं बसायचंय. ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, दमते. चालली की फ्रेश होईल.

२९ मार्च, रविवार
घरापासून दोन किलोमीटरपलीकडे जायचं नाही, असा सरकारी हुकूम. हरकत नाही. जेनोआचं जुनं शहर तेवढ्यात बसतं.
ठराव: ड्राय रन इथे, आमच्या ओंगारमध्येच. कॅनॉल म्हणजे बंदर. डन्सचं दुकान म्हणजे कॅथीड्रल. घरांच्या एस्टेटमधल्या पायवाटा म्हणजे तिथले बोळ. रस्ता विचारायचा नाही. रेंगाळायचं नाही.
शर्वाणीला सगळं नीट मराठीत समजावलं. पंधरा वर्षांची घोडी. म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट डन्स."
कल्पनाशक्ती शून्य. आईवर गेलीय.

५ एप्रिल, रविवार
पहिला ड्राय रन. शुभदा ड्यूटीवरून आली होती, तरी निघाली. शर्वाणी झोपा काढत होती. मी पुढे. कॅथीड्रलपाशी वळून बघतो तर शुभदा गायब! परत गेलो. कुणाच्या तरी अंगणातल्या फुललेल्या चेरीखाली उभी. काय झालं विचारलं, तर म्हणे बघतेय. मी म्हटलं, हे झाड जेनोआत नाही.
प्रोटोकॉलपासून डेव्हिएशन म्हणून नोंद केली. परतताना ती एक शब्द बोलली नाही. चांगलं आहे. दम वाचतो.

१४ फेब्रुवारी २०२१, रविवार
आता मर्यादा पाच किलोमीटर. शुभदाने ड्राय रन केव्हाच सोडला. आज तर म्हणाली, निदान आज तरी घरी थांब. प्रोटोकॉलला व्हॅलेंटाइन माहीत नसतो. एकटा गेलो.
एस्टेटमधल्या कुणीतरी गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, फोन केला! एक माणूस दर रविवारी कागद घेऊन घरं बघत हिंडतो म्हणे. गार्डाला शांतपणे सांगितलं, हे जेनोआ आहे. त्याने कागद बघितला, मला बघितलं. म्हणाला, "दॅट्स ग्रँड, पण आता घरी जा."
कोविड नसता तर तक्रारच केली असती.

२२ जुलै, गुरुवार
परदेश प्रवास पुन्हा सुरू! क्रूझ सप्टेंबरमध्ये. जयेशचा फोन. म्हणाला, जहाजाच्या नवीन नियमांची मेल वाच, पायी सोडत नाहीत. ह्याला दीड वर्ष माझा रूट खुपतोय. अशा मेल घाबरटांसाठी असतात. उघडली नाही.
शुभदाने पुन्हा विचारलं, एके ठिकाणी बसू ना रे? म्हटलं, बसू. कॅथीड्रल, बोळ, राजवाडे आणि टेकडी झाल्यावर.

८ सप्टेंबर, सकाळ. जेनोआ.
सोडलं नाही.
दारातली मुलगी म्हणते, जहाजाच्या टूरबरोबरच उतरायचं, कोविडमुळे. एकट्याने नाही. प्रोटोकॉल दाखवला. तिने सुपरवायझरला बोलावलं. त्यालाही दाखवला. त्याने मला बाजूला उभं केलं. मागे रांग खोळंबलेली.
तेवढ्यात शुभदाने पर्समधून तीन स्टिकर काढले. जयेशच्या बसचे! तिने जुलैमध्येच सीट घेऊन ठेवल्या होत्या. मला न विचारता! एक स्वतःला लावला, एक शर्वाणीला. तिसरा माझ्यापुढे धरला.
घेतला नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. त्या गेल्या.

त्याच दिवशी, संध्याकाळ
डेकवरून शहर तपासलं. टेकडी, मनोरे, सगळं प्लॅनप्रमाणे जागेवर. म्हणजे रूट पास.
दोघी आल्या. शुभदाचा चेहरा उन्हाने लाल झालेला. कॅथीड्रल आतून बघितलं का विचारलं. म्हणाली, नाही, पायऱ्यांवर बसले. तिथे घरांच्या भिंतींवर खोट्या खिडक्या रंगवल्यात, एकीत तर रंगवलेलं मांजर होतं. हे माझ्या प्लॅनमध्ये कुठेच नव्हतं. मी म्हटलं, मग बाकीचं सगळं हुकलं तुझं.
तेव्हा ती म्हणाली, "अंबरीश, लग्न झाल्यापासून आपण इतकी गावं फिरलो. मला एकही आठवत नाही. प्रत्येक ठिकाणी पुढे चाललेली तुझी पाठ तेवढी आठवते."
चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. मला उत्तर देता आलं असतं.
प्रचंड राग आला. जयेशचा, जहाजाचा. जेवलो नाही.

१० सप्टेंबर, नेपल्स
सकाळी शुभदाला म्हटलं, येतो मी बसने. मोठ्या मनाने म्हटलं.
ती गोंधळली. म्हणाली, "अरे, या वेळी दोनच सीट घेतल्या. तू येशील असं वाटलंच नाही."
टूरच्या काउंटरवर गेलो. बस फुल. काउंटरवाल्याशी भांडलो, पण भांडणात जीव नव्हता.
डेकवर आलो. खाली शुभदा शर्वाणीच्या हातात हात घालून बसकडे निघाली होती. पाठमोरी. एकदा तरी वळून बघेल म्हणून बस सुटेपर्यंत उभा राहिलो.