ती जांभळीच होती, ताई

प्रिय शोभाताई,

आज तुला का लिहायला बसले ते ऐकशील तर उठून बसशील. आपल्या गल्लीच्या गणपती मंडळाने यंदा वेशभूषा स्पर्धेला परीक्षक कुणाला केलंय? दिलीपला! तोच झरीचा दिलीप. दोन वर्षांपूर्वी पहिल्या रांगेत पाय पसरून बसला होता आणि तू शिवलेला ड्रेस बघून ओरडला होता, "नकली हाय, नकली!" आता तोच मार्क देणार. मंडळाच्या फळ्यावर त्याच्या नावाच्या आधी 'श्री.' लिहिलंय. मी येताजाता तेवढा 'श्री.' पुसते. पोरं पुन्हा लिहितात.

तुला जाऊन अजून वर्षही झालं नाही. आई म्हणते, राग धरू नये, गेलेल्या माणसाला त्रास होतो. होऊ दे थोडा! मला काय कमी होतोय? शांत डोकं तुझ्याकडे होतं, आणि त्याने तुझं काय भलं झालं?

मामाचं दुकान आठवतं ना? कसं विसरशील! तुझ्या शिलाई मशीनच्या खिडकीतून समोर तेच दिसायचं. स्टँडामागची ती अरुंद खोली, आत ते एकच व्हिडिओ गेमचं खोकं, दोन दांडे, सहा-सहा बटणं, आणि त्याला माश्यांसारखी चिकटलेली पोरं. मामा टोकन देऊन पेपर वाचत बसायचा. पोरं खेळायची कमी आणि भांडायची जास्त. आणि भांडायची कशावरून? त्या मारामारीच्या गेममध्ये एकच बाई होती, तिच्या कपड्यांवरून!

तू सुई तोंडात धरून ऐकायचीस आणि खांदे हलवून हसायचीस.

"आरं, कंबरपट्टा काळा न्हाई, चॉकलेटी हाय. नीट बघ की."

"बाह्या आखूडच पायजेत. लांब बाहीत गुद्दा बसतोय व्हय?"

"मी म्हणतो, कपाळाला टिकली का न्हाई तिला?"

"तिच्या देशात लावत नसतेत, येड्या."

लांब एक वेणी, गुडघ्यापर्यंत झगा, खाली ढगळ विजार. एवढ्याशा चित्रावर पोरं एकमेकांच्या गचांड्या धरायची. आणि सगळ्यांच्या वरचा शेवटचा शब्द दिलीपचा. का, तर तो औरंगाबादला जाऊन तिथलं मोठं दुकान बघून आला होता, आणि बुडाखाली मोटारसायकल होती. तो म्हणाला झगा पिवळा, की झगा पिवळा. त्यात भांडण नव्हतंच, स्क्रीनवर तो पिवळाच दिसायचा.

पण एवढं तिच्यावर भांडणाऱ्यांपैकी तिला निवडून खेळायचा एकही नाही! ती यायची ती फक्त समोरून, मशीनच्या बाजूने, मार खायला. एकदा त्या बारक्या सलीमचा दांडा चुकून तिच्यावर गेला तर दिलीप काय म्हणाला? "बाई घेऊन खेळायलास का? बांगड्या भर मग." पोरगं घाबरून पार कानापर्यंत लाल झालं. त्यानंतर कुणाची छाती झाली नाही. मर्दांचं दुकान ना ते!

आणि मग तो नामांतराच्या बंदचा दिवस. बाजार बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, मामाने शटर अर्धं खाली ओढलेलं. आपण त्याचा डबा घेऊन गेलो. तो जेवायला बसला आणि म्हणाला, "खेळायचं तर खेळा गं, आज कुणी न्हाई. पण तुमच्या आईला सांगू नका, माझं मुंडकं उडवील." तू आधी नको नको म्हणालीस. मग पदर खोचून माझ्याआधी दांडा धरलास!

मी ती बाई निवडली. तू म्हणालीस, मलाही तीच पाहिजे. मी म्हटलं, एकच आहे, दोघींना कशी मिळेल? मिळाली. डाव्या बाजूला माझी पिवळी, उजव्या बाजूला तुझी जांभळी. तू बटण दाबायचंच विसरलीस, नुसती बघत राहिलीस, आणि मी तुला धू धू धुतलं. "थांब गं मंदे, मला शिवण बघू दे," म्हणत होतीस. दोघांनी तीच निवडली की दुसरीला मशीन वेगळा रंग देतं, हे अख्ख्या परभणीत त्या दिवशी आपल्या दोघींनाच कळलं असेल. मर्दांना कळायचा प्रश्नच नव्हता. दोघांनी बाई निवडायला आधी एकाने तरी निवडायला पाहिजे!

तो रंग तुझ्या डोक्यात बसला. गणपतीत मला तीच बाई करून उभी करायचं तू ठरवलंस. तसा जांभळा बाजारात मिळेना, तर पांढरं पॉपलिन आणून घमेल्यात रंग उकळलास. तुझी नखं जांभळी झाली, आई विचारायची हे काय गं, तू म्हणायचीस मापं लिहिताना शाई सांडली. पेपरावर कापून बघितलंस, मला न्हाणीघरासमोर उभी करून लाथ मारायला लावलीस, काखेत ओढतंय म्हणून पुन्हा उसवलंस. "ह्या कपड्यात तुला नीट मारता आलं पायजे," म्हणालीस. मला तू कधी एवढी आनंदात दिसली नव्हतीस.

आणि मग तो स्टेज. माझ्याआधी एक भाजीवाली, एक फौजदार, एक नवरीबाई, सगळ्यांना टाळ्या. मी वर गेले, एक लाथ मारली, पोरांनी शिट्टी घातली. तेवढ्यात त्याचा आवाज. "थांबा थांबा! ती पिवळी असती. जांभळी कुटून आणली? नकली हाय, नकली! शिवणारीनं सपनात बघितली काय?" सगळा मांडव हसला. ज्या पोरांनी शिट्टी घातली तीसुद्धा हसली. निवेदकाने माईकवर म्हटलं, "चला, चूक झाली असेल, मुलगी लहान आहे." चूक! तू स्टेजच्या कडेला सुईदोरा घेऊन उभी होतीस. तुझं तोंड मी बघितलं, ताई. ते मी विसरणार नाही, आणि त्यालाही विसरू देणार नाही.

मी बोलणार होते. ओठांवर आलं होतं की मी स्वतः बघितलीय, मामाच्या दुकानात, या डोळ्यांनी. आणि तू? हुक लावायच्या मिषाने मागून आलीस आणि माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की डोळ्यांत पाणी आलं. "गप बस. तिथं गेलो व्हतो म्हणून सांगायलीस का समद्या गावाला? चारठाण्याचे पाव्हणे यायलेत पुढच्या आठवड्यात."

म्हणून मी गप्प बसले. चारठाण्याच्या पाहुण्यांसाठी! ताई, ते पाहुणे आलेसुद्धा नाहीत. परस्पर दुसरीकडे जमवलं त्यांनी. ज्यांच्यासाठी तू नकली ठरलीस, त्यांना तुझं नावही ठाऊक होतं की नाही कोण जाणे. सांग ना, काय मिळालं तुला त्या चिमट्याने? त्यानंतर तू फक्त ब्लाउज शिवलेस. पेपरावर काही कापून बघितलं नाहीस. समोरच्या खिडकीला पडदा लावलास. आणि दिलीप जाता-येता मोटारसायकल हळू करून विचारायचा, "शोभाताई, यंदा हिरवी शिवणार का?" तेव्हा तू मान खाली घालून मशीन चालवायचीस. बिनधाग्याची चालवायचीस, मी बघितलंय.

तू काविळीने गेलीस, दिलीपमुळे नाही, एवढं मला कळतं. पण काविळीला मी कुठे गाठू? दिलीपचा पत्ता मला माहीत आहे. शेवटी तुझे डोळे, तळहात, नखं सगळं पिवळं झालं होतं. त्यानंतर मला तो रंग बघवत नाही, आणि या माणसाने आयुष्यभर त्याच रंगाची फुशारकी मारावी?

आता ऐक, आज काय केलं ते.

भर दुपारी, दुकान पोरांनी भरलेलं असताना, मी आत गेले. शटर अर्धं नाही, पूर्ण उघडं. मामाने पेपर खाली केला. दिलीप मशीनवरच होता. मी त्याच्या शेजारचा दांडा धरला आणि टोकन टाकलं.

तो हसला. "काय गं मंदा, वाट चुकलीस का? भाजीबाजार तिकडं हाय."

मी ती बाई निवडली. मग म्हटलं, "तुमी पण हीच घ्या दिलीपभाऊ. तुमाला तिची समदी माहिती हाय म्हनतेत. का बाई घेऊन खेळायला भीती वाटायली?"

पोरं म्हणजे पोरं. तीच पोरं, कालपर्यंत त्याची! "घे की दिलीपभाऊ! एका पोरीला भ्यायलास का?" सलीम तर बाकावरच चढला. मोठा झालाय आता, मिसरूड फुटलंय. "का भाऊ, बांगड्या आनू का?" म्हणाला. दिलीपचं नाक फुगलं. दांडा फिरवला आणि स्वतःच्या हाताने तिच्यावर आणून बटण दाबलं.

जांभळी!

त्याचीच जांभळी झाली, ताई! तोच झगा, तीच वेणी, तू उकळून काढलास तोच रंग, आणि त्याची बोटं तिच्या बटणांवर. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "आयला, शोभाताईची."

तुझं नाव घेतलं, ऐकलंस का? तिथे, त्या दुकानात!

दिलीप म्हणाला, "मशीन बिघडली हाय." मामा पेपरातून वर न बघता म्हणाला, "मशीन ठणठणीत हाय. डोळे तपास तुजे." मग मी खेळले. तू त्या दिवशी बघत राहिली होतीस, मी राहिले नाही. पहिली फेरी माझी, दुसरी माझी. पुढच्या डावाला तो थांबलाच नाही, मोटारसायकलची किल्लीसुद्धा विसरून गेला आणि ती न्यायला परत आला तेव्हा सगळे पोट धरून हसले. मी हसले नाही. माझं अजून झालं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचली. आईने कपाळ बडवून घेतलं. "पोरांच्या त्या अड्ड्यात बसलीस? आता तुला कोन करून घेईल?" मी म्हटलं, चारठाण्याचे तर नक्कीच नाहीत. तिने लाटणं उगारलं, मग खाली बसून रडली. मग मी तुझी पत्र्याची पेटी उघडली तेव्हा तिने अडवलं नाही.

ड्रेस तसाच आहे, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचा. मला घट्ट होतोय. पण तू आतून दोन्ही बाजूंना बोटबोट माया सोडून ठेवली होतीस, मी वाढेन म्हणून. ती मी उसवली, तुझ्याच मशीनवर पुन्हा शिवली. आई दिवा धरून बसली होती. एकदाच म्हणाली, "काखेत वढत न्हाई ना?"

उद्या संध्याकाळी स्पर्धा आहे. मी नाव दिलंय. तुला वचन देते ताई, मी हाच ड्रेस घालून वर जाणार, लाथ मारणार, आणि माईक हातात घेऊन सांगणार की हा कुणी शिवला, आणि आपण दोघींनी हा रंग कुठे बसून बघितला. सगळ्या गावाला कळू दे. दिलीपने भीतीने पहिला नंबर दिला तर तो मी घेणार नाही. माफी मागितली तर ती मी देणार नाही. मला त्याच्या तोंडून माईकवर चारच शब्द पाहिजेत, "शोभाताईची जांभळी बरोबर होती." ते म्हणेपर्यंत मी स्टेजवरून खाली उतरणार नाही, गणपती विसर्जनाला निघाला तरी नाही.

आणि या वेळी मागून येऊन चिमटा काढायला तू नाहीस.

तुझीच,
मंदी