तुझ्या जागी मी

प्रिय बुटके,

सुखरूप पोचल्याचा तुझा निरोप मिळाला. त्यावर मी नुसता अंगठा पाठवला म्हणून तू फुगून बसली असशील. बस. पण जे सांगायचंय ते फोनवर सांगायला गेले की मी हवापाण्यावर घसरते, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून कागद घेतला.

महोत्सवाच्या बाईंचा फोन आला तेव्हापासूनच सांगते. आपल्या देशाचे आठ सिनेमे इथल्या लोकांना दाखवायचे, त्यातल्या तीन सिनेमांची सबटायटल्स मी करायची आणि नंतरच्या प्रश्नोत्तरांना दुभाषी म्हणून बसायचं, असं त्या म्हणाल्या. यादी पाठवली. तिसरं नाव तुझं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू, असं मी तुला कळवलं होतं ना? काही आनंद झाला नव्हता. मी यादी मिटली, सिंकमधली भांडी घासली, आणि मग पुन्हा उघडून तुझं नाव अजून आहे का ते बघितलं. होतं. आपण बहिणी आहोत हे तिथे कुणाला सांगू नकोस, कामात बरं दिसत नाही, असं मी तुला बजावलं, तेही कामासाठी नव्हतं. या शहरात बावीस वर्षं राहून, राबून मी मिळवलेली ओळख ‘दिग्दर्शिकेची बहीण’ या दोन शब्दांत विरघळून गेली असती. ते मला नको होतं.

तूच सांग, गोष्टी सांगणारी मी होते की नाही? आई शाळांचे गणवेश शिवायची आणि आपण दोघी मशीनच्या खाली बसून सांडलेली बटणं रंगाप्रमाणे लावायचो, तेव्हा राजापासून राक्षसापर्यंत सगळं मी रचायचे आणि तू फक्त ‘मग?’ म्हणायचीस. तुझे निबंध मी लिहून द्यायचे. बाबा आल्यागेल्याला सांगायचे, थोरली पुस्तकं लिहिणार बघा. थोरली आता पडद्याच्या तळाशी दोन ओळी लिहिते, त्याही दुसऱ्याच्या. आणि ‘मग?’ म्हणणारीच्या नावाचं पोस्टर महिनाभर माझ्या बसथांब्यावर लागलं होतं. रोज सकाळी मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहायचे.

सिनेमा मी पहिल्यांदा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाहिला, भर दुपारी, पडदे ओढून. तुझी ती नटी दोरा दातांनी तोडून ओठावरचा तुकडा बोटाने टिपते. बुटके, ते माझं होतं. आईचं ते टिपणं मी तुला सांगितलं होतं, आई गेली त्या वर्षी, फोनवर. तू तेव्हा नुसती हं हं करत होतीस. मी लॅपटॉप बंद करून घरभर फिरले. माझा नुसता जळफळाट झाला. आणि थोरली मुलगी? नवव्या मिनिटाला बॅग घेऊन दाराबाहेर. मग तासभर तिचं नावसुद्धा नाही. आईला सगळ्याचा विसर पडत चाललाय, धाकटी तिचे केस विंचरते, तिला भरवते, आणि एकदा आई धाकटीला थोरलीच्या नावाने हाक मारेल असं मला वाटलं, म्हणून मी तो प्रसंग तीनदा मागे नेऊन ऐकला. नाही मारत. आईची ती शेवटची चार वर्षं तुला मिळाली, बुटके. तुला वाटतं ते ओझं होतं, आणि ते होतंच, मी नाही म्हणत नाही. पण मला त्याचाही हेवा वाटतो. मी इथून औषधं आणि लोकरी मोजे पाठवत राहिले. तू तिचे हात धरलेस.

तरी काम मी मन लावून केलं हो. हवं तर कुणालाही विचार. आईची ती तिरकस बोलणी इथल्या भाषेत आणायला मला तीन आठवडे लागले. रविवारी चार वाजता थिएटर भरलं आणि लोक बरोबर त्या त्या जागी हसले, तेव्हा मी शेवटच्या रांगेत उभी होते. ते माझ्या शब्दांना हसत होते. टाळ्या मात्र तुला.

मग आपण स्टेजवर गेलो. तुला खुर्ची, मला स्टूल. दुभाषीचा नियम असतो, बोलणाऱ्याच्या जागी ‘मी’च म्हणायचं. तू म्हणालीस, हा सिनेमा मी माझ्या आईसाठी केला. मी इथल्या भाषेत म्हटलं, हा सिनेमा मी माझ्या आईसाठी केला. तीनशे माणसं माझ्याकडे बघत होती. वीस मिनिटं तुझ्या जागी मी होते आणि मला ते फार आवडलं, सांगायला लाज वाटते इतकं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या त्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, थोरली मुलगी कुठे गेली? तू प्रेक्षकांकडे बघितलंच नाहीस. माझ्याकडे वळून आपल्या भाषेत म्हणालीस, ‘ती मला लिहिताच आली नाही. चारदा लिहिली. ती आली की आई तिच्याकडेच बघत बसायची आणि मी कुठेच उरायचे नाही. लहानपणापासून मी तिच्यावर जळत आले. म्हणून तिला दाराबाहेर काढली. ती आज इथेच बसली आहे.’

मी माइक घेतला आणि बोलले. तुझ्या एवढ्या लांब उत्तराचं माझ्या तोंडून एकच वाक्य आलं, ते तुझ्याही लक्षात आलं असणार. तू हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होतीस, आता सगळे माझ्याकडे वळतील म्हणून. कुणी वळलं नाही. म्हाताऱ्या बाई खाली बसल्या. नंतर जिन्यात तू मला विचारलंस, ‘ताई, त्यांना कळलं ना गं?’ मी म्हटलं, कळलं. ‘मग तुझ्याकडे कुणी बघितलं का नाही?’ मी म्हटलं, इथले लोक तसेच आहेत, टक लावून बघत नाहीत. तू माझा हात दाबलास आणि गाडीत बसलीस.

मी त्यांना सांगितलं होतं, ‘थोरल्या मुलीची गोष्टीला गरज नव्हती.’ तू माझ्यावर जळत होतीस हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट अंगाचा तिळपापड झाला. हेवा तेवढा माझा होता, एकटीचा, आणि तोही तू तीनशे लोकांसमोर उचलून नेलास असं वाटलं. बुधवारच्या पेपरात तुझ्या सिनेमाची तोंडभर स्तुती आहे, आणि शेवटी लिहिलंय की दिग्दर्शिकेचं मन मात्र कोरडं आहे, सख्ख्या बहिणीला तिने एका वाक्यात निकालात काढलं. महोत्सवाच्या बाई सगळी कात्रणं भाषांतरासह तुला पाठवणार आहेत. म्हणून आज सकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या की यापुढे तुम्हाला काम देता येणार नाही. बरोबरच आहे. पेपरवाल्यांना मी तुझं उत्तर लिहून दिलं, अगदी अक्षरनअक्षर, आणि खाली ‘चूक माझी’ म्हणून माझं नाव आणि आपलं नातं. शनिवारी छापून येईल. ते परक्या कात्रणातून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. मला माफ कर असं लगेच म्हणवत नाही. आधी तू भांड.

अजून म्हणू देत असशील तर, तुझीच,
ताई